महिनाभर गावात कोरोनाचा पेशंट नाही. आठवीचा वर्ग उघडायचा ठराव घ्यावा का?

धुऱ्यावरून (घाटंजी तालुका, यवतमाळ)
२४ जुलै २०२१

नमस्कार. येत्या शुक्रवारी आमच्या ग्रामपंचायतीची मासिक सभा आहे आणि शाळेचा विषय पत्रिकेवर घेतला आहे. मी शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष. ७ जुलैच्या जीआरप्रमाणे गावाची जी समिती बसते त्यात सरपंच, तलाठी, ग्रामसेवक, पीएचसीचे डॉक्टर, केंद्रप्रमुख, मुख्याध्यापक आणि मी. सही माझीही लागणार. म्हणून विचारते. ज्यांच्या गावात वर्ग सुरू झाले, किंवा सुरू करून बंद करावे लागले, त्यांनी काय पाहिलं ते सांगा. मुलांचं भविष्य, देशाची पिढी वगैरे नको, ते केंद्रप्रमुख साहेबांच्या भाषणातून तोंडपाठ झालं आहे.

नियम असा की ज्या गावात महिनाभर एकही रुग्ण नाही तिथं आठवी ते बारावी सुरू करता येते. आमच्या गावात जूनच्या मध्यापासून एकही पेशंट नाही. पण आमची जिल्हा परिषदेची शाळा पहिली ते आठवी आहे. म्हणजे आठ वर्गांतला एकच उघडणार. त्या वर्गात पोरं एकोणीस, त्यातली सात शेजारच्या पोडावरून, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरून, येतात, आणि पोड आमच्या ग्रामपंचायतीत नाही. आता त्यांच्यासाठी ठराव कोणाचा धरायचा? ग्रामसेवकाला विचारलं तर ते म्हणाले, "वरून मार्गदर्शन मागवतो." दीड वर्षात वरून मार्गदर्शन सोडून दुसरं काही आलेलं नाही.

आणि उघडायचं तर आधी आठवीच का? आठवीच्या पोराला एक वेळ मोबाईल देऊन बसवता येतं, रेंज नसली तर तो पाण्याच्या टाकीवर चढून बसतो. माझी लहानी मार्च २०२० मध्ये पहिलीत होती. दुसरी तिची घरातच गेली. आता पटावर तिसरीत आहे. परवा तिला खताचं रिकामं पोतं वाचायला दिलं. "नत्र" आलं तिथं अडली. न, त, र असं सुटं सुटं म्हणाली आणि माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. पुढं "रासायनिक" होतं, त्याचं तिनं बिनधास्त "रामायण" केलं. घरचे सगळे हसले. मला हसू आलं नाही, कारण मी डी.एड. केलेली आहे (भरती निघेल निघेल म्हणता म्हणता वावरात उतरले, ते सोडा). पहिलं अक्षर पाहून बाकीचा शब्द अंदाजानं ठोकायचा, ही सवय एकदा पक्की झाली की मोडायला वर्ष जातं. आणि ही तर मास्तरणीची पोरगी म्हणावी अशी. बाकीच्यांच्या घरी पोतं वाचायला देणारंही कोणी नाही.

१ जुलैपासून सेतू अभ्यासक्रम चालू आहे, पंचेचाळीस दिवसांचा, १४ ऑगस्टला संपतो. तो पीडीएफ होऊन ग्रुपवर येतो. कागदावर हवा असेल तर घाटंजीला जाऊन झेरॉक्स काढायची. सगळ्या विषयांचे गठ्ठे काढले तर निंदणाऱ्या बाईची पूर्ण दिवसाची मजुरी जाते. आमच्या गावात किती जणांनी काढले असतील ते तुम्हीच समजा.

सभेत काय बोललं जाणार तेही मला माहीत आहे. "लेकरं घरी सुरक्षित हाय, कायले घाई करता?" कोणत्या घरी सुरक्षित आहेत? सकाळी आठला चौकात उभं राहून पाहा. निंदणाच्या गाडीत, म्हणजे माल वाहायच्या छोट्या गाडीत, वीस-बावीस बाया कोंबलेल्या असतात आणि त्यात सातवी-आठवीच्या पोरी. तोंडाला फडकं असतं ते उन्हासाठी, रोगासाठी नाही. शाळेत एका बाकावर एक पोर, दोन बाकांत सहा फूट. गाडीत मांडीला मांडी. पोरं मारुतीच्या पारावर एकाच मोबाईलवर पाच डोकी घालून गेम खेळतात. शाळा बंद आहे म्हणून लेकरं एकमेकांपासून लांब आहेत, असं ज्याला वाटतं त्यानं या दिवसांत एकदा गावात राहून जावं. आणि पोरींचं वेगळंच. यंदा दहावीला बसली असती ती आमच्या गल्लीतली एक पोरगी एप्रिलमध्ये पंचवीस माणसांत, दोन तासांत उजवून टाकली. बाप म्हणाला, असं स्वस्तातलं लग्न पुन्हा होणे नाही.

इतकं सगळं माहीत असून सही करताना हात का अडतो ते सांगते. मे महिन्यात आमचे भासरे, म्हणजे मोठे दीर, गेले. आधी ते गावातच विलगीकरणात होते, आणि विलगीकरण कक्ष म्हणजे आमची शाळाच. सहावीच्या खोलीत त्यांची खाट होती. मी खिडकीतून डबा द्यायची. पुढं दम लागला म्हणून यवतमाळला नेलं, खाट मिळायला रात्र गेली. त्यांचा मुलगा आठवीत आहे. त्याला विचारलं शाळेत जाशील का, तर म्हणाला, जाईन, पण त्या खोलीत बसणार नाही. घरात सासूबाई आहेत, त्यांना दमा आहे आणि लसीचा एकच डोस झाला आहे. उद्या या पोरानं घरी काही आणलं तर गाव सरपंचाला विचारणार नाही, मला विचारेल.

आणखी एक अडचण आहे ती मास्तरांची. आमचे चारही गुरुजी अप-डाऊन करतात. जीआर म्हणतो त्यांनी शक्यतो गावात राहावं, नाहीतर एसटी-काळीपिवळीनं येऊ नये. हे कोणी पाळतं का?


खडूवाला (देवळी तालुका, वर्धा)
२४ जुलै, रात्री

ताई, आमचं हायस्कूल १५ जुलैपासून सुरू आहे, आठवी ते दहावी. मी गणित शिकवतो. घडलं ते सांगतो.

ठराव सोपा असतो, संमतीपत्रं अवघड. पालकांनी लिहून द्यायचं की आम्ही आमच्या मर्जीनं पाठवतो. आमच्याकडे पहिल्या दिवशी निम्मी पोरं आली. बाकीच्यांचे पालक घाबरले होते असं मला वाटलं होतं, पण चौकशी केली तर बरीचशी डवऱ्यामागं आणि निंदणात होती. भीतीपेक्षा हंगाम भारी पडतो. म्हणून वेळ ठरवताना मुख्याध्यापकांचं ऐकू नका, शेतीचं ऐका. आम्ही सकाळी साडेसात ते साडेदहा केलं आणि हजेरी वाढली.

मधली सुट्टी ठेवूच नका. वर्गात सुतळीनं मोजून सहा फुटांवर खुणा केल्या होत्या, पोरं तिथं शहाण्यासारखी बसायची आणि सुट्टी झाली की हापशीपाशी सगळी एकमेकांच्या गळ्यात. दोष कोणाला द्यायचा? दीड वर्षानं भेटत होती. आता तीन तास सलग शिकवतो आणि सोडून देतो.

सॅनिटायझरच्या कॅनवर ग्रामपंचायतीचे पैसे घालवू नका. हात धुवायला साबण पुरतो. हा रोग हवेतून पसरतो, तेव्हा खिडक्या महत्त्वाच्या. आमच्या दोन वर्गांच्या खिडक्या माकडांमुळं विटा लावून बुजवल्या होत्या, त्या आधी उघडल्या. जमेल तेव्हा वर्ग वऱ्हांड्यात घेतो. ताप मोजायची बंदूक आणाल तर पोरांना सावलीत दहा मिनिटं बसवून मग मोजा. सायकल हाणत आलेलं पोर कपाळावर बंदूक धरली की तापानं फणफणल्यासारखं दिसतं.

आणि शिकवण्याचं म्हणाल तर तयारी ठेवा. नववीच्या पोरांना भागाकार येत नाही, हे एक. पण मला धक्का बसला तो दुसऱ्या गोष्टीचा. पानभर लिहायला सांगितलं तर बोटं दुखतात म्हणून पेन खाली ठेवतात. दीड वर्ष अंगठ्यानं लिहिलं आहे त्यांनी. आणि कोणी प्रश्न विचारत नाही. आधी वर्गात गप्प बसवायला ओरडावं लागायचं, आता बोलतं करायला ओरडावं लागतं.

मास्तरांच्या अप-डाऊनचं तुम्ही बरोबर बोललात. आम्ही सहाजण, पाच वर्ध्याहून येतो. गावात खोली मिळते, पण बायको-पोरं तिकडं. त्यातून एवढं केलं की एसटी, ऑटो बंद, ज्याच्या त्याच्या मोटरसायकलवर एकट्यानं यायचं. दोन डोस झाल्याशिवाय वर्गात पाय ठेवायचा नाही, हे ठरावातच लिहून घ्या. मास्तर कुरकुर करतील, करू द्या. एक मात्र सांगतो, कारण पुढं कोणीतरी लिहिणारच आहे: दीड वर्ष फुकट पगार खाल्ला असं म्हणू नका. माझे कुटुंब माझी जबाबदारीचा सर्व्हे आम्ही दारोदार केला, चेकपोस्टवर रात्री काढल्या. त्यात आमच्या तालुक्यातले काही जण गेले.


बोंडअळी (दर्यापूर, अमरावती)
२५ जुलै

ताई, मी तं म्हन्तो सही करू नोका.

आमच्या इकडचं आयका. २७ जानेवारीले पाचवी ते आठवीच्या शाया सुरू केल्या. महिना बी झाला नाई तं २२ फेब्रुवारीले अमरावतीत पुन्ना लॉकडाऊन. बाकी महाराष्ट्र तवा बजारात फिरत व्हता. त्याच आठवड्यात वाशीम जिल्ह्यात एका निवासी शायेत दोनशेच्या वर पोट्टे पॉझिटिव निंगाले, त्यात आमच्या इकडचे बी व्हते. ज्याचे पोट्टे तिथं व्हते त्याले इचारा रात कशी काढली थे.

सरकार म्हन्ते गावानं ठरवावं. काहून? आतापर्यंत तं पिठाची गिरनी कवा उघडाची थे बी कलेक्टर ठरवे. आता लेकरायचं आलं तं गाव शायनं झालं. काई झालं तं डोस्कं तुमचं, नाई झालं तं चौकात फ्लेक्स आमदाराचा.

अन् शाया पायजेच कायले? १६ तारखेले दहावीचा निकाल लागला, ९९.९५ टक्के. माया पुतन्या बी पास झाला. ज्यानं वर्षभर पुस्तकाचं कव्हर काढलं नाई थो. परीक्सा नाई, शाया नाई, अन् सारेच हुश्शार.

खिचडीचं बी तसंच. उनाया सुट्टीच्या खिचडीचे पैशे पोट्ट्यायच्या खात्यात टाकतो म्हन्ते. पाचवीवरी १५६ रुपये, आठवीवरी २३४. खातं उघडाले ब्यांक हजार मांगते. आता १५६ साठी हजार भरनारा बाप शोधून आना, मी त्याचा सत्कार करतो.


धुऱ्यावरून
२५ जुलै

भाऊ, हसवलंत. खात्याचं अगदी खरं, आमच्याकडे दोन बायांनी त्यासाठी दिवसाची मजुरी पाडली आणि खातं उघडलं नाही ते नाहीच.

पण वाशीमची ती शाळा निवासी होती. पोरं तिथं एका हॉलमध्ये झोपत होती, एका पंगतीत जेवत होती. तीन तास वऱ्हांड्यात बसून घरी जाणाऱ्या पोरांना ते माप लावता येत नाही. आणि पुतण्या पास झाला म्हणता, त्याला परवा सोसायटीचा फॉर्म भरायला सांगा आणि काय लिहितो ते इथं कळवा.

डोस्कं आमचं हे मात्र सोळा आणे. तेच माझं दुखणं आहे.


गोळ्या वाटणारी (झरी जामणी, यवतमाळ)
२५ जुलै, रात्री

मी आशा वर्कर आहे. ताईंच्या प्रश्नात एक गोष्ट कोणी विचारली नाही म्हणून लिहिते. महिनाभर एकही पेशंट नाही हे ठरवलं कोणी? गावात या महिन्यात चाचण्या किती झाल्या? चाचणीच झाली नसेल तर पेशंट कसा निघणार?

आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये घराघरात ताप होता. सगळ्यांना टायफाईड. खाजगीत रक्त तपासायचं, टायफाईड लिहून घ्यायचं, सलाईन लावायचं. पॉझिटिव्ह निघालं तर घराला बोर्ड लागतो, विहिरीवर बाया बाजूला सरकतात. टायफाईड निघाला तर शेजारीण भात-वरण आणून देते. मग माणूस कोणता आजार निवडेल? मी ऑक्सिमीटर घेऊन गल्लीत शिरले की दारं लागायची. त्यात १५ जूनपासून आठवडाभर आम्ही साऱ्या आशा संपावर होतो. ताईंचा कोरोनामुक्त महिना जूनच्या मध्यापासून धरला आहे. त्या आठवड्यात तुमच्या गावात ताप कोणी मोजला, हे डॉक्टरांना सभेत विचारा.

मी शाळेच्या विरोधात नाही. माझी दोन लेकरं आहेत. पण मोजायचं तर लेकरांच्या घरातली म्हातारी माणसं मोजा. एकोणीस पोरं म्हणजे एकोणीस घरं. प्रत्येक घरी पंचेचाळीसच्या वरचं कोण, पहिला डोस झाला का, दुसरा कधी आहे, दमा-शुगर कोणाला आहे. एका दुपारी यादी होते, तुमच्या आशाला सोबत घ्या. ज्या घरात म्हातारीचा डोस बाकी, तिला त्याच आठवड्यात कॅम्पला न्या. लेकराला हा आजार बहुतेक वेळा हलकाच जातो, जड जातो तो आजीला.

लसीला माणसं तयार होत नाहीत हेही माहीत आहे. जानेवारीच्या शेवटी तुमच्याच तालुक्यात बारा लेकरांना पोलिओच्या डोसाऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं. लेकरं वाचली. पण अजून पोडावर गेलं की कोलाम बाया तेच काढतात, "तुमच्या बाटलीत काय हाय ते आधी तू पी." मी लस घेतल्याचा फोटो मोबाईलमध्ये ठेवला आहे, तो दाखवते. काही ऐकतात.

पोडाचं निघालंच आहे तर एक सांगते. तिथल्या लेकरांचं घरचं बोलणं कोलामी. मराठी त्यांच्या कानावर पडायची ती शाळेत. पहिली-दुसरीत जेमतेम जमायला लागली होती, ती दीड वर्षात गेली. मागच्या महिन्यात मी एका पोराला मराठीत नाव विचारलं, ते आईच्या मागं लपलं. दोन वर्षांपूर्वी तेच पोर मला कविता म्हणून दाखवायचं. मोबाईलवरची पीडीएफ त्याच्या काय कामाची? ती सात पोरं तुमच्या ठरावात बसत नाहीत म्हणून वगळू नका. त्यांच्या सरपंचाकडून वेगळा ठराव आणा, पण आणा.


रामदासपेठ (नागपूर)
२६ जुलै

सगळे भावनेवर चालले आहेत, थोडं विज्ञानावर येऊ. आयसीएमआरच्या चौथ्या सिरो सर्व्हेचे आकडे २० जुलैला आले. देशात ६७.६ टक्के लोकांत अँटीबॉडी सापडल्या. ६ ते ९ वयाच्या मुलांत ५७.२ टक्के, १० ते १७ मध्ये ६१.६ टक्के. म्हणजे निम्म्याहून अधिक मुलांना, शाळा बंद असताना, हे होऊन गेलं आहे. आयसीएमआरचे डॉ. बलराम भार्गव स्वतः म्हणाले की शिक्षक आणि कर्मचाऱ्यांचं लसीकरण करून आधी प्राथमिक शाळा उघडणं योग्य ठरेल, कारण विषाणू ज्या रिसेप्टरला चिकटतो ते लहान मुलांत कमी असतात. त्यामुळे घाबरण्याचं कारण नाही. ज्यांना पाठवायचं नाही त्यांच्यासाठी हायब्रिड पद्धत (काही वर्गात, काही ऑनलाइन) ठेवा, आमच्या मुलीच्या शाळेत उत्तम चालली आहे.


धुऱ्यावरून
२६ जुलै

आकड्यांबद्दल खरोखर आभार, मला सभेत लागणार आहेत. दोन गोष्टी फक्त.

त्या सर्व्हेत महाराष्ट्रातले सहा जिल्हे आहेत: बीड, परभणी, नांदेड, सांगली, नगर आणि जळगाव. विदर्भातला एकही नाही. आमच्या पोरांत किती जणांना होऊन गेलं ते आमच्यासाठी कोणी मोजलेलं नाही. आमच्याकडे दुसरी लाट फेब्रुवारीतच आली, तेव्हा आकडा कदाचित जास्तही असेल. पण कदाचितवर मी एकोणीस घरांची सही करू का?

दुसरं, डॉक्टर म्हणतात आधी लहानांची शाळा उघडा, आणि आमचा जीआर म्हणतो आधी मोठ्यांची. तुमच्या विज्ञानाप्रमाणं चाललं तर माझ्या तिसरीतल्या पोरीनं आधी जायला हवं, आणि तिला तर दारच बंद आहे. हे मुंबईत कोणाला सांगता आलं तर सांगा, तुम्ही आमच्यापेक्षा जवळ आहात.

हायब्रिड आमच्याकडे ज्वारीत असतं.


खडूवाला
२६ जुलै

ताई, लहानांसाठी एक वाट आहे, पण तिला कागदावर शाळा म्हणू नका. आमच्या तालुक्यात काही गुरुजी आठवड्यातून दोनदा गल्लीत जातात, एका ओट्यावर पाच-सहा लेकरं घेतात, तासभर वाचून घेतात आणि पुढच्या ओट्यावर जातात. गृहभेट म्हणून नोंद करतात. लेकरं त्या गल्लीतलीच असतात, तशीही दिवसभर एकत्र खेळणारी. हजेरी नाही, घंटा नाही, फोटो नाही. फोटो काढून ग्रुपवर टाकला की कोणीतरी तक्रार करतं.

आणि पाठ्यपुस्तक आधी उघडू नका. तुमच्या मुलीनं खताचं पोतं वाचलं तेच करा. साबणाचं वेष्टण, रेशनकार्ड, एसटीची पाटी, लग्नपत्रिका. जोडाक्षरं पत्रिकेत भरपूर सापडतात.


बोंडअळी
२७ जुलै

पत्रिका तं लॉकडाऊनमंदी कोनी छापल्याच नाई गुरुजी. पंचवीस मानसाले काय पत्रिका देता. कीटकनाशकाची बाटली वाचाले द्या, थे तरी कामी येईन. आमच्या इकडं फवारनारे बाटलीवरचा लाल तिकोन पाहून बी फडकं न बांदता जातात. २०१७ ले यवतमायात काय झालं थे साऱ्याले मालूम हाय.

ताई, मी इरोधच करतो, पन वाचून ऱ्हायलो. सभेत काय झालं थे सांगजा.


धुऱ्यावरून
३१ जुलै

काल सभा झाली. लांबलचक लिहायला वेळ नाही, निंदण चालू आहे, पण इतक्या जणांनी लिहिलं म्हणून सांगते.

तलाठी आले नाहीत. डॉक्टर आले आणि आशाताईंनी सांगितलेला प्रश्न मी त्यांना विचारला. त्यांनी वही उघडली. जूनच्या मध्यापासून गावात झालेल्या चाचण्या दोन्ही हातांच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच, आणि त्याही बहुतेक बाळंतपणाला नेलेल्या बायांच्या. सभा थोडा वेळ गप्प झाली. उपसरपंच म्हणाले, "मग कायचं कोरोनामुक्त?" तिथंच विषय पुढं ढकलायचं चाललं होतं. मी म्हटलं, ढकलू नका, आधी चाचणी करा आणि मग उघडा. डॉक्टर तयार झाले. सोमवारी शाळेतच कॅम्प आहे, चारही गुरुजी, आठवीची पोरं आणि घरातलं ज्याला खोकला-ताप असेल ते माणूस. एकही निघाला तर पंधरा दिवस थांबायचं, नाही निघाला तर ९ तारखेपासून सकाळी साडेसात ते साडेदहा. गुरुजींचे दोन डोस आणि स्वतःची गाडी हे ठरावात घातलं. एका गुरुजींचा दुसरा डोस बाकी आहे, ते तोवर वर्गात येणार नाहीत. त्यांना राग आला, दिसत होतं.

म्हाताऱ्यांची यादी मी आणि आमच्या आशानं बुधवारीच केली होती. एकोणीस घरांत अकरा जणांचा एकही डोस नाही. सभेत नावं वाचली नाहीत, नुसता आकडा सांगितला, तरी चार जणांनी मान खाली घातली. सासूबाईंचा दुसरा डोस पुढच्या आठवड्यात येतो, त्या स्वतःच म्हणाल्या, मी आधी जाते म्हणजे बाकीच्या येतील.

पोडाचा ठराव अडला आहे. तिथल्या सरपंचांचं म्हणणं, आमच्या गावात शाळा चौथीपर्यंत, आम्ही कशाला आठवीचा ठराव घेऊ. त्यांच्याकडे उद्या जाणार आहे, मुख्याध्यापक सोबत येतो म्हणाले आहेत. सात पोरांशिवाय वर्ग उघडायचा नाही असं मी सभेत बोलून बसले आहे, तेव्हा जावंच लागेल.

आठवीचा वर्ग सहावीच्या खोलीत घ्यायचा नाही हे आपोआपच ठरलं, ती खोली गळते. पुतण्यासाठी मला काही बोलावं लागलं नाही.

लहानांच्या ओट्याचं सभेत काढलंच नाही. मी आणि डी.एड. होऊन घरी बसलेली आणखी एक पोरगी, आम्ही दोघी संध्याकाळी आमच्याच ओट्यावर सुरू करतोय. गुरुजी, तुमचं ऐकून फोटो काढणार नाही.

खिडक्यांच्या विटा मात्र आमच्याकडेही आहेत, तीन वर्गांना. ग्रामपंचायत म्हणते मजुरी देता येत नाही, पालकांनी करावं. उद्या पोडावरून आल्यावर दुपारी काढायला कोण कोण येतं ते आता गावच्या ग्रुपवर विचारते. बोंडअळी भाऊ, तुम्ही दर्यापूरला आहात म्हणून सुटलात.